मातीचाही पंचनामा नीट व्हायला हवा

मातीचे नमुने घेणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात कुठं कारखान्याची जागा विकायची असते, कुठं जुना पेट्रोल पंप बंद होतो, कुठं विहिरीच्या पाण्याला वास येतो म्हणून गाव तक्रार करतं. अशा ठिकाणी जायचं, जमिनीत ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, घालायचा, थराथरातली माती बाटल्यांत भरायची, बर्फात ठेवायची आणि प्रयोगशाळेकडं पाठवायची. बघणाऱ्याला यात विशेष काही वाटत नाही. "ताई, कुठनंबी घ्या की, मातीच ती," असं साइटवर कुणीतरी हमखास ऐकवतं. ऐकवणारा कधी वॉचमन असतो, कधी सुपरवायझर, तर कधी अधिकारीही.

माझं म्हणणं नेमकं या वाक्याविरुद्ध आहे. माती कुठून घेतली, किती खोलवरून घेतली, कशानं उकरली, कशात भरली आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती कुणाच्या ताब्यात होती, यातलं एक जरी चुकलं तर पुढं कितीही महागडं यंत्र असलं तरी अहवाल चुकीचाच येतो. असा अहवाल नुसता वाया गेला असता तरी चाललं असतं. पण तो दूषित जमिनीला स्वच्छतेचा दाखला देऊन बसतो, आणि सही-शिक्क्याचा कागद एकदा फाइलला लागला की तो खोडून काढायला गावाला वर्षानुवर्षं झगडावं लागतं.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे २४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. भोपाळची दुर्घटना १९८४ ची, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी दूषित जमिनीसाठी असे वेगळे नियम आले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी किंवा जिल्हा प्रशासनानं आपल्या हद्दीतल्या संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी करायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज वाटली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची, आणि मर्यादेपेक्षा जास्त विषारी द्रव्यं आढळली तर ती जागा प्रदूषित म्हणून जाहीर करून तिथल्या वावरावर निर्बंध घालायचे, असा हा क्रम आहे. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यानं सोसायचा आहे. हे नियम आले तेव्हा देशभरात १०३ प्रदूषित जागा निश्चित झालेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई त्यातल्या फक्त ७ ठिकाणी सुरू झाली होती. म्हणजे काम डोंगराएवढं पडलंय. आणि त्यातली प्रत्येक पायरी, प्राथमिक तपासणीपासून ते दंड कुणाला इथपर्यंत, मातीच्या आणि पाण्याच्या नमुन्यावर अवलंबून आहे.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला हे नियम दूरचे नाहीत. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, इचलकरंजीचे कापड प्रक्रिया उद्योग, हुपरीची चांदी. पिढ्यान् पिढ्या लोखंड ओतणारा, धातूला मुलामा देणारा, कापड रंगवणारा हा जिल्हा आहे आणि त्याच्या भरभराटीत या उद्योगांचा मोठा वाटा आहे. अमुक जागा दूषित आहे असं मी इथं म्हणणार नाही. नमुना घेतल्याशिवाय ते कुणीच म्हणू नये. पण जिथं इतकी वर्षं तेल, आम्ल, रंग, रेझिन आणि धातू हाताळले गेले, तिथं जमिनीकडं एकदा नीट बघायला हवं, एवढं तरी कुणी नाकारणार नाही.

अडचण अशी की माती तपासायची म्हटल्यावर आपल्याला शेतीचं माती परीक्षणच आठवतं. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये आली आणि ती पद्धत घराघरांत पोहोचली. नागमोडी चालत जायचं, ठिकठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी माती घमेल्यात एकत्र करायची, सावलीत वाळवायची, पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. मग कापडी पिशवीत चिठ्ठी टाकून प्रयोगशाळेत. उसाला किती नत्र, किती स्फुरद द्यायचं हे ठरवायला ही पद्धत अगदी योग्य आहे, कारण तिथं अख्ख्या रानाची सरासरी हवी असते.

विष मात्र सरासरीनं सांडत नाही. ते टाकीच्या कडेला सांडतं, नळीच्या सांध्याला गळतं, ड्रम आडवे ठेवले त्या कोपऱ्यात मुरतं. समजा एका आवारातून दहा ठिकाणची माती घेतली. नऊ ठिकाणी शिसं किलोमागं २० मिलिग्रॅम आहे आणि दहाव्या ठिकाणी, जिथं जुन्या बॅटऱ्या फोडत होते तिथं, २००० आहे. दहाही घमेल्यात कालवल्या की अहवालात २१८ येतं. तो आकडा त्या आवारात कुठंच नाही. जिथं मुलं खेळायला नकोत ती जागाही त्यानं कळत नाही आणि बाकीची नऊ ठिकाणं उगाच बदनाम होतात. शिवाय माती कालवताना आणि वाळवताना पेट्रोल, थिनर, सॉल्व्हंट यांच्यासारखी उडणारी द्रव्यं हवेत निघून जातात. मग कागदावर लिहून येतं, 'आढळले नाही'. आढळणार कसं? ते घमेल्यातूनच उडून गेलेलं असतं.

कोल्हापूरच्या गुजरीत सराफांच्या दुकानासमोरची आणि कारागिरांच्या ओट्याखालची माती झाडून नेणारे झारेकरी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना माझं म्हणणं पटकन समजेल. झारेकरी रस्त्यावरची सरसकट माती नेत नाही. भट्टीपुढची, कानस चालते तिथली, गटाराच्या तोंडाशी साचलेली माती तो वेचून नेतो, कारण धातू कुठं बसतो हे त्याला पक्कं माहीत असतं. दूषित जागेची तपासणी करणाऱ्याची नजर तशी हवी. त्या नजरेसाठी ऑगर बाहेर काढण्याआधी माणसांशी बोलावं लागतं. जुने कामगार, शेजारचा शेतकरी, चहा आणून देणारा पोऱ्या. जागेचा इतिहास नकाशापेक्षा यांच्याकडं जास्त असतो.

हातकणंगले तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या प्लेटिंगच्या शेडचं उदाहरण देते. मे महिना होता. नकाशात टाकी शेडच्या मधोमध दाखवली होती आणि नमुने तिथलेच घ्यावेत असा आग्रह होता. तिथं पूर्वी काम केलेले एक तात्या कुंपणापाशी उभे होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ही टाकी नंतरची हो ताई. आधीची तिकडं, भिंतीकडंला. तिचा तळ गळायचा." आम्ही भिंतीकडं गेलो. वर छान तांबूस मुरूम पसरलेला, रोलर फिरवलेला, बघायला एकदम स्वच्छ. जागा विकायची म्हटलं की असा भराव टाकण्याची आपल्याकडं पद्धतच पडली आहे. ऑगर दोन फूट खाली गेला तशी मुरमाखालची मूळ काळी माती लागली आणि तिच्यात हिरवट-पिवळे पट्टे दिसायला लागले. वरच्या मुरमाचा अहवाल निर्मळ आला. खालच्या मातीत क्रोमियम चढं निघालं. वरची माती फावड्यानं खरवडून पिशवी भरली असती तर त्या जागेला दाखला मिळाला असता आणि आज तिथं कुणी बोअर मारून पाणी पीत असतं.

आपल्या काळ्या मातीचं हे खास दुखणं आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि चिकट होते. उन्हाळ्यात ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर सांडलेलं द्रव त्या भेगांतून सरळ खाली उतरतं, पहिल्या पावसानं भेग मिटते आणि वर काही खूण राहत नाही. खाली मुरूम, त्याखाली तडे गेलेला काळा पाषाण, आणि त्याच तड्यांतून आपल्या विहिरींना पाणी येतं. म्हणून कोल्हापूरच्या काळ्या रानात वरच्या वीतभर मातीवर समाधान मानणं धोक्याचं आहे. वरचा थर हवाच, कारण धूळ उडते ती तिथली आणि रांगतं मूल हात घालतं ते तिथं. शिसं बहुतेक वरच धरून बसतं. पण सहा संयुजी क्रोमियम आणि नायट्रेट पाण्याबरोबर खाली जातात. डिझेल भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगत पसरतं, तर यंत्राचे भाग पुसायला वापरतात ते क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट पाण्यापेक्षा जड असल्यानं आणखी खाली बुडतं. जसं विष, तशी खोली. ही खोली साइटवर जाण्याआधी कागदावर ठरलेली असायला हवी, आणि तरीही जमीन जे दाखवेल त्याप्रमाणं बदलायची मुभा नमुना घेणाऱ्याला हवी.

अवजारांबद्दलही दोन शब्द. एका खड्ड्यातून काढलेला ऑगर तसाच दुसऱ्यात घातला तर पहिल्याचं पाप दुसऱ्याच्या माथी जातं. दर खड्ड्यानंतर ब्रशनं, साबणाच्या पाण्यानं आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं तो धुवावा लागतो, आणि त्या शेवटच्या धुण्याचं पाणीही बाटलीत भरून तपासायला पाठवावं लागतं. हातमोजे दर नमुन्याला नवे. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं, म्हणून हे धातू शोधायचे असतील तर ऑगरला चिकटलेली बाहेरची माती प्लॅस्टिकच्या चमच्यानं सोलून टाकायची आणि आतला गाभा घ्यायचा. उडणाऱ्या द्रव्यांसाठी माती उकरल्यावर लगेच, न चाळता, न कुस्करता काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायची आणि आतून टेफ्लॉनचा थर असलेलं झाकण घट्ट लावायचं. युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती आणून "यात नायट्रेट किती ते बघा" म्हणणारे भेटतात तेव्हा त्या माणसाचा राग येत नाही. त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. पण ज्यांचं हे काम आहे त्यांनीही कॅरीबॅग वापरलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याचा राग यायलाच हवा.

बाटली भरली म्हणजे काम संपलं असंही नाही. ती ४ अंशांच्या आसपास थंड ठेवायची असते. काही तपासण्यांना तर वेळेची मर्यादा फार कडक आहे. उडणाऱ्या द्रव्यांचा नमुना काही न मिसळता ठेवला असेल तर ४८ तासांत त्यावर प्रक्रिया व्हावी लागते. कोल्हापुरात अशा सगळ्या तपासण्या होत नाहीत, त्यामुळं खोकी पुण्या-मुंबईला जातात, बरीचशी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. एकदा डिझेलचे नमुने असलेलं आमचं थर्माकोलचं खोकं एका पार्सल कार्यालयाच्या दारात दिवसभर उन्हात पडून राहिलं. बर्फाचं पाणी झालं, बाटल्या कोमट झाल्या. जिथं मातीला स्पष्ट वास येत होता, त्या मातीच्या अहवालात नाव घेण्यासारखं काही आलं नाही. ग्राहक खूश होता. मी तो अहवाल ग्राह्य धरू नये असं लेखी दिलं आणि नमुने पुन्हा घ्यायला लावले, त्यासाठी बरीच बोलणी खाल्ली. खोक्याबरोबर जो 'चेन ऑफ कस्टडी'चा फॉर्म जातो, म्हणजे कुणाकडून कुणाकडं आणि किती वाजता खोकं गेलं याची नोंद, ती भरणं अनेकांना कारकुनी वाटते. ती नोंद होती म्हणूनच खोकं दिवसभर कुठं पडलं होतं ते मला दाखवता आलं.

फौंड्रीच्या काळ्या वाळूबद्दल बोलल्याशिवाय कोल्हापुरात हा विषय पुरा होत नाही. साच्यासाठी वापरलेली, बेंटोनाइट आणि कोळशाच्या भुकटीनं काळी पडलेली, कुठं रेझिननं बांधलेली ही वाळू वर्षानुवर्षं खड्डे भरायला, रस्त्याकडंला, ओढ्याच्या काठाला टाकली गेली आहे. तिच्याविषयी दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतं, वाळूच ती, तिला काय होतंय. दुसरं म्हणतं, सगळं विष आहे. दोन्हीला आधार नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०१४ मध्ये लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या फौंड्रीतल्या सिलिका वाळूचा अभ्यास केला आणि माती तयार करण्यासारख्या काही ठरावीक वापरांना ती चालते असा निष्कर्ष काढला. पण पितळ आणि कांस्य ओतणाऱ्या फौंड्रीच्या वाळूला तो निष्कर्ष लागू केला नाही, कारण तिच्यात शिसं, तांबं, जस्त येऊ शकतं. म्हणजे ढीग कुठल्या फौंड्रीचा, बांधणीला काय वापरलं होतं, पावसाचं पाणी त्यातून मुरून कुठं जातंय, हे बघितल्याशिवाय उत्तर नाही. ढिगाच्या वरची मूठभर वाळू घेऊन कुठलाच निकाल देता येत नाही. ढिगाच्या पोटातली, ढिगाखालच्या जमिनीतली आणि उताराच्या बाजूची माती वेगवेगळी घ्यावी लागते. लोखंड ओतणाऱ्या कारखानदारांनी या कामाला घाबरू नये. नीट घेतलेला नमुना त्यांच्यावरचा सरसकट आरोप दूर करू शकतो, आणि तशी वाळू पुन्हा वापरात आणायचा मार्ग मोकळा करू शकतो.

त्यासाठी तुलनेचा नमुना मात्र हवाच, आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त कंजुषी होते ती इथं. सह्याद्रीचा बेसॉल्ट हा मुळातच तांबं, क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियम बऱ्यापैकी असलेला खडक आहे, आणि आपली माती त्याचीच झालेली आहे. पश्चिमेकडं राधानगरी-शाहूवाडीच्या जांभ्यात तर लोह आणि ॲल्युमिनियम ठासून भरलंय. गंगा-यमुनेच्या गाळाच्या मातीसाठी जुळणारा आकडा इथं लावला तर न बिघडलेलं रानही दोषी ठरेल. उलट 'इथली मातीच तशी आहे' ही सबब पुढं करून खरा दोषीही सुटेल. दोन्ही टाळायचं असेल तर त्याच जातीच्या मातीतून, त्याच खोलीवरून, उद्योगाच्या वाऱ्या-पाण्याच्या वरच्या बाजूनं नमुने घ्यायचे. जमीन कशी वापरली गेली तेही बघायचं. तासगावच्या द्राक्षबागेत वर्षानुवर्षं मोरचूद फवारलेलं असतं, तिथल्या मातीतलं तांबं शेजारच्या उसाच्या रानाशी ताडून कसं चालेल?

आणि पूर. २००५, २०१९, २०२१. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोका पातळी. या वर्षांत पाणी तिच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर शेतांत, आवारांत, गोदामांत गाळ साचला. हा गाळ कुठून कुठं आला याचा नेम नाही. एखाद्या आवारातली वरची चार बोटं माती त्या आवाराची नसून पुरानं आणून टाकलेली असू शकते, आणि त्याच आवारातली मूळ माती खाली नरसोबाच्या वाडीकडं गेलेली असू शकते. पूरपट्ट्यात नमुना घेताना गाळाचा थर किती जाड आहे ते मोजून लिहायला हवं आणि गाळ व मूळ जमीन वेगवेगळ्या बाटल्यांत जायला हवी. हे दोन मिनिटांचं काम आहे. पण वहीत त्यासाठी रकानाच नसेल तर ते कुणीही करत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो या बाबतीत चाळीस वर्षांपासून स्पष्ट आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये हवा, पाणी आणि माती यांचा नमुना कसा घ्यायचा ते लिहिलंय. जागेच्या ताबेदाराला नोटीस द्यायची, त्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर नमुना घ्यायचा, तो भांड्यात भरून खूण करून सील करायचं, त्यावर घेणाऱ्यानं आणि ताबेदारानं सही करायची आणि तो विनाविलंब मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. ही रीत पाळली नाही तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. खुनाच्या जागेचा पंचनामा कच्चा राहिला तर आरोपी सुटतो, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. मातीच्या बाबतीत तीच कसोटी लावायला आपण तयार नाही, म्हणून गावाची तक्रार खरी असूनही ती कागदावर टिकत नाही.

नमुन्यावर काय काय अवलंबून असतं ते कोडाईकनालनं दाखवून दिलं. तिथला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला, कारण पारा लागलेली फुटकी काच भंगारवाल्याच्या वखारीत सापडली. त्यानंतर आवारातल्या मातीत पारा किती राहू द्यायचा यावर वर्षानुवर्षं वाद चालला. किलोमागं २० मिलिग्रॅम पुरेसं की त्याहून कडक मर्यादा हवी, एवढ्या एका आकड्यावर किती माती उचलायची, किती झाडं तोडायची आणि किती पैसा लागायचा हे ठरणार होतं. भोपाळच्या कारखान्यातला साठवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवला गेला, तोही चाळीस वर्षांनी. गोदामातला कचरा निदान मोजून उचलता येतो. जमिनीत मुरलेलं विष किती आणि कुठवर गेलंय, हे आधी नमुन्यांनीच शोधावं लागतं.

खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. एका बाटलीची सविस्तर तपासणी महाग पडते, आणि ग्रामपंचायतीला किंवा छोट्या उद्योजकाला ते जड जातं. पण म्हणून पन्नास ठिकाणची माती एका घमेल्यात कालवणं ही काटकसर नाही, तो सगळाच पैसा वाया घालवणं आहे. कमी नमुने घ्या, पण जागा विचारून, थर बघून, तुलनेच्या नमुन्यासह घ्या. जास्तीच्या बाटल्या थंड ठेवून द्या, पहिल्या निकालानंतर लागल्या तरच, मुदतीच्या आत तपासा. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकणारी मुलं आहेत. त्यांना या कामाचं रीतसर प्रशिक्षण देऊन तालुक्या-तालुक्याला नमुना घेणारी माणसं तयार करणं अवघड नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळानं नमुना घेण्याची कार्यपद्धती आणि नोंदीचा फॉर्म मराठीत काढावा. प्रत्येक अहवालात बाटली कुठल्या खोलीची, कुठल्या भांड्यात, किती अंशाला पोहोचली हे छापावं, आणि तो अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. नमुना कोण घेणार हे ज्याची जमीन तपासायची त्यानं ठरवू नये. पैसे त्यानं भरावेत, माणूस मंडळानं निवडावा. आज खासगी तपासण्यांत दोन्ही एकाच हातात आहे आणि "तिकडच्या चांगल्या बाजूचा घ्या" असं सांगणारा ग्राहक मला नवा नाही.

एक लक्षात ठेवायला हवं. नुसत्या घनकचऱ्याच्या डेपोची माती या नव्या नियमांत येत नाही, तिला वेगळे नियम आहेत. विषारी द्रव्यं मिसळून मर्यादा ओलांडली गेली असेल तरच ती इथं येते. तेव्हा कसबा बावड्यातल्या झूम कचरा डेपोसारख्या जागेबद्दल बोलताना नेमकं काय तपासून मागायचं याची तयारी नागरिकांनी आधीच करावी, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील.

संशयित जागांची यादी आपल्या गावातून, आपल्या पालिकेतून जायची आहे. तुमच्या शिवारात जुनी प्लेटिंगची शेड, बॅटऱ्या फोडायची जागा, काळ्या वाळूचा ढीग, बंद पडलेला पंप किंवा रंगाचं पाणी मुरवलेला खड्डा असेल तर ग्रामसभेत त्याचं नाव घ्या, तिथं पूर्वी काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घ्या आणि ते यादीसोबत पाठवा. नमुना घ्यायला माणसं येतील त्या दिवशी तिथं हजर राहा. ऑगर धुतला का, बाटली काचेची आहे का, खोली लिहिली का, तुलनेची माती कुठून घेतली, हे विचारा. कुणी माती घमेल्यात कालवायला लागलं तर थांबवा. आणि सीलवर सही करायला सांगितलं तर आधी लेबल वाचा, मगच सही करा.